बांधापासून चार हात

मातीचं संशोधन म्हटलं की लोकांना वाटतं, बाई पांढरा कोट घालून गार खोलीत काचेच्या नळ्या हलवत बसत असेल. डोंबलाचं! आमचं काम म्हणजे मारहाण आहे. मे महिन्यात काळं रान दगडासारखं होतं. त्यात पोलादी नळी उभी धरायची आणि वरून घण घालायचा. नळी हातभर आत गेली की पहारीनं उचकटून काढायची. आणलेली ढेकळं लॅबमध्ये खलबत्त्यात कुटायची, चाळायची, त्यांच्यावर ॲसिड ओतायचं. ते फसफसतं, धूर नाकातोंडात जातो, आणि मग कुठं कळतं त्या मातीत सेंद्रिय कर्ब किती उरलाय ते. माझी एक ओढणी धड नाही, सगळ्यांना भोकं पडलेली. अम्मी म्हणायची, "हिला बघायला येणाऱ्यांनी आधी नाकाला रुमाल लावून यावं."

आमचं घर रहिमतपूरचं. अब्बा कोयते, विळे, कुऱ्हाडी घडवायचे. जन्मापासून कानाशी ऐरण वाजत होती म्हणून असेल, मला हळू बोलताच येत नाही. राग आला की तोंड सुटतं, आणि एकदा सुटलं की माझं मला आवरत नाही. नोकरीला लागले तेव्हा अब्बांनी मला एक घण घडवून दिला, आखूड दांड्याचा, माझ्या हाताला बसेल असा. "जमिनीवर मार, माणसांवर नको," म्हणाले आणि स्वतःच हसले. मीही हसले.

कराडच्या लॅबमधून आमचं काम चालायचं ते कुंडलच्या रानात. तिथं सैन्यातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी एकरभर जमीन हत्तीगवताला दिली होती. माणसाच्या डोक्यावर जाणारं हे गवत कापायचं, सडवायचं आणि त्याचा गॅस करून गाड्या चालवायच्या, असा तो सगळा मामला. शेजारचं रान त्यांच्या धाकट्या भावाचं. त्यात ऊस, आणि त्या उसाचं पुढं इथेनॉल. मधे एक बांध. आम्हाला बघायचं होतं ते एवढंच की, एकाच बापाच्या या जमिनीत गवताखालची माती सुधारते का, उसाखालची खंगते का, आणि किती वर्षांत. असं रान शोधून सापडत नाही. मला सापडलं तेव्हा मी आनंदानं लॅबमध्ये पेढे वाटले होते.

दोघा भावांची थोरली बहीण नवरा गेल्यावर माहेरी परतली होती. अख्खं गाव तिला अक्का म्हणायचं, मीही म्हणायला लागले. हवालदारांच्या घरामागच्या खोलीत राहायची, दोघांच्याही रानात खपायची, दोन्ही घरांत तिचं ताट असायचं. भाऊ एकमेकांशी फारसे बोलत नसत, पण धाकटा दिवस मावळताना अक्काच्या दाराशी येऊन तिच्या हातची गरम भाकरी खाऊन जायचा. हवालदार तिथंच कट्ट्यावर बसलेले असायचे. "पानी लावलंस का?" "लावलं." एवढं दोन शब्दांचं बोलणं व्हायचं ते तिच्या दारात. ती खोली सोडली तर तिला जगात दुसरी जागा नव्हती. सासरच्यांनी नवऱ्याच्या दिवसकार्यानंतर तिला बसस्टँडवर आणून सोडलं होतं, हे तिनंच मला एकदा गवत कापता कापता सांगितलं होतं.

अक्काला मी रोजंदारीवर घेतलं. घण मारायला तिच्यासारखी दुसरी बाई नाही पाहिली. शिवाय तिच्याजवळ शिलाई मशीन होतं आणि मला पिशव्या शिवून हव्या होत्या. त्याचं असं असतं : नायलॉनच्या बारीक जाळीच्या तळहाताएवढ्या पिशव्या करायच्या, त्यांत उसाचं पाचट किंवा गवताची वाळकी पानं वजन करून भरायची, तोंड शिवायचं, नंबर ठोकलेला पत्र्याचा बिल्ला अडकवायचा आणि पिशवी वीतभर खोल पुरायची. दर तीन महिन्यांनी काही उकरून काढायच्या आणि आतलं किती कुजलं, किती उरलं ते तोलायचं. जगभर मातीवाले हेच करतात.

दोरा लाल घ्या, असं मीच सांगितलं. काळ्या मातीत पटकन दिसावा म्हणून. आणि दिवसही मीच ठरवला. त्या दिवशी रानात कुणी औत-ट्रॅक्टर घालणार नव्हतं, त्यामुळे मला मोकळं रान मिळणार होतं. अक्का बांधावर येऊन उभी राहिली आणि पिशव्यांची पाटी काही डोक्यावरून खाली उतरवेना.

"आवं मॅडम, आज आवस हाय. आवसंला मातीत कायबी पुरू न्हाई. उद्या करू."

"मातीला कसली आलीय अमावस्या?" मी खेकसले. "मातीला कॅलेंडर वाचता येतं होय? उतरवा ती पाटी."

तिनं पाटी उतरवली. दिवसभर आम्ही पिशव्या पुरल्या. शेवटची ओळ बांधाकडची. गवताची शेवटची रांग आणि बांध यांच्यामध्ये आम्हाला चालायला एक मोकळी पट्टी सोडली होती, त्या पट्टीत. बांधाच्या कडेपासून टेप धरला, हवालदारांच्या बाजूला चार हात आत मोजून ओळ घातली. मी मोबाइलवर फोटो काढला : अक्का उकिडवी बसलेली, हातात लाल दोऱ्याची पिशवी, आणि तिच्या पायापासून थेट बांधापर्यंत ताणलेला पिवळा टेप.

पुढच्या वर्षभरात आम्ही तीनदा येऊन आतल्या ओळींतल्या पिशव्या नेल्या; बांधाकडची ओळ वर्ष भरल्यावर काढायची म्हणून ठेवली होती. चौथ्या खेपेला गेलो तेव्हा बांधाकडच्या ओळीतली एकही पिशवी मिळेना. बांधापासून चार हात मोजून झुकलेल्या गवतात मी खड्ड्यांवर खड्डे घेतले. ऊन असं की घणाचा दांडा हातात धरवत नव्हता. माझं डोकं फिरलं. वर्षभराचं काम, आणि नेमकी उसाला लागून असलेली ओळ गायब! मी अक्कावर तोंड टाकलं. मोजता येत नाही का, खुणा कुठं ठेवल्या, डोकं घरी ठेवून येता का, वाटेल ते बोलले. ती नळी पुसत बसली होती. वर न बघता म्हणाली, "आसंल, मॅडम. माझंच चुकलं आसंल."

तेवढ्यात पलीकडं ट्रॅक्टर थांबल्याचा आवाज आला. धाकट्यानं ऊस मोडून रान नांगरायला काढलं होतं. तो बांध ओलांडून तरातरा आला, मागं चार-पाच गडी, त्यांच्यामागं त्याची बायको, तोंडाला पदर लावून. त्या घरात दोनदा दिवस राहिले होते आणि दोनदा टिकले नव्हते. दुसऱ्या वेळचं दुःख अगदी ताजं होतं, महिनाही झाला नव्हता. धाकट्याच्या मुठीत आमच्या पिशव्या होत्या. लाल दोरे खाली लोंबत होते.

"अक्के! ह्ये काय हाय? काय पुरलंस माझ्या रानात?"

तिला उठायलाही दिलं नाही. कानाखाली अशी दिली की ती नळीवर आपटली. मग अंबाड्याला धरून वर उचललं आणि पुन्हा दिली. ओठ फुटला. ती ओरडली नाही, हातही आडवा केला नाही, मला त्याचंच नवल वाटलं.

"ए! सोड तिला!" मी मधे घुसले. "त्या माझ्या पिशव्या आहेत! लॅबच्या आहेत!"

एका गड्यानं मला ढकललं. मी ढेकळांत पडले, कोपर सोलून निघालं. धाकट्यानं दातानं एक पिशवी फाडली आणि आतलं हातावर ओतलं. पाचट कुजून काळं झालेलं, आणि त्यात गवताची तंतुमुळं जाळीतून शिरून गुंतलेली, लांबच लांब, काळपट.

"केस! बघा रं, बाईचं केस हायत ह्ये!"

"मुळं आहेत ती! गवताची मुळं!" मी उठून कॅनमधलं पाणी त्यावर ओतलं. हा एक मी शहाणपणा केला. ओली झाल्यावर ती आणखीनच केसांसारखी दिसायला लागली. धाकट्याच्या बायकोनं ते बघितलं आणि ती खालीच बसली.

"लाल दोरा, वर आकडं ठोकल्यालं पत्रं," एक गडी म्हणाला, "मॅडमच्यात तावीज करत्यातच की. तितनंच शिकली आसंल ही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अब्बांच्या भट्टीवर ऐकलेल्या सगळ्या शिव्या मी त्याला घातल्या. त्यानं काय होणार? तो हसला, आणि धाकट्यानं अक्काच्या बरगडीत लाथ घातली.

हवालदार विहिरीकडून पळत आले. मला वाटलं, चला, आता हे मिटेल, फौजेतला माणूस आहे, आमच्या पिशव्या त्यांनी पहिल्या दिवसापासून बघितलेल्या. ते थांबले, भावाच्या हातातल्या त्या गुंत्याकडं बघितलं, भावजयीकडं बघितलं. मग बहिणीला विचारलं, "अक्के, आवसंला पुरलं हुतंस का न्हाई, तेवढं सांग."

अक्कानं ओठाचं रक्त पुसलं. "व्हय."

"ऐकलंस दादा?" धाकटा किंचाळला. "माझी दोन पोरं खाल्ली हिनं! आजच्या आज हिला त्या खोलीतनं भाईर काढ. गावात ठेवायची न्हाई. न्हाईतर मी हितंच गाडतो हिला!" आणि त्यानं खरंच पहार उचलली.

हवालदार खाली बघत म्हणाले, "बघू."

बघू! अहो, बघू काय बघू? ती तुमची सख्खी बहीण, समोर रक्त ओकतेय, आणि तुम्ही बघू म्हणता? मला त्या धाकट्यापेक्षा हवालदारांचाच जास्त राग आला. आणि त्या रागात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओळ बांधापासून चार हात आत होती. हवालदारांच्या रानात. मग धाकट्याच्या नांगराला त्या पिशव्या लागल्याच कशा?

मी बांधाकडं पाहिलं. गवत डोक्यावर वाढलेलं असल्यामुळं आणि आम्ही नेहमी रस्त्याकडून येत असल्यामुळं माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. पूर्वीचा चांगला रुंद बांध आता जेमतेम टीचभर उरला होता, आणि तोही गवताच्या रांगेला येऊन टेकला होता. आमची चालायची पट्टीच नव्हती. धाकट्यानं दर मशागतीला आपल्या बाजूनं थोडाथोडा बांध कोरून, माती पुढं ढकलून अख्खी पट्टी आपल्या रानात ओढली होती.

खोटं कशाला बोलू? मी हे बोलले तर काय होईल ते मला कळत होतं. बांध म्हटला की या भागात माणसं कशी उठतात ते लहानपणापासून बघितलंय. अब्बांनी घडवलेला कोयता एकदा पोलिसांनी कापडात गुंडाळून आमच्या दुकानात ओळख पटवायला आणला होता, तोही बांधावरचाच. मी क्षणभर थांबू शकले असते. अक्काला जीपमध्ये घालून निघूनही जाता आलं असतं. पण मला अक्काला वाचवायचं होतं, आणि त्याहून जास्त, मला जिंकायचं होतं.

"हवालदारसाहेब, हा फोटो बघा," मी मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. "ही अक्का, ही पिशवी, हा टेप आणि हा बांध. चार हात. पिशव्या तुमच्या रानात होत्या. तुमच्या भावाला विचारा, याचा नांगर तुमच्या रानात चार हात आत काय करत होता?"

धाकट्यानं पहार खाली केली. हवालदारांनी फोटो बघितला, बांध बघितला, परत फोटो बघितला. अक्का जमिनीवरून एवढंच म्हणाली, "मॅडम, नगा वो." मग हवालदार दोन पावलं चालत गेले. माझा घण नळीशेजारी पडलेला होता. तो त्यांनी उचलला.

पहिला घाव धाकट्याच्या उजव्या हातावर बसला, कोपराच्या खाली. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मूठ उघडली आणि पिशव्या खाली पडल्या. दुसरा घाव खांद्यावर. "बापाची जमीन चोरतुस? माझी? मी बर्फात हुतो तवा कुनासाठी हुतो रं?" धाकटा पडला, तरी घण पुन्हा वर गेला, आणि या खेपेला तो डोक्याच्या रोखानं निघाला होता.

अक्का कशी उठली मला कळलं नाही. ज्याच्या हातचा मार खाऊन ती पडली होती त्याच्याच अंगावर तिनं स्वतःला टाकलं. त्याचं डोकं छातीखाली घेतलं आणि वर बघून ओरडली, "मार! आदी मला मार!" घण तिच्या कानाशेजारी मातीत रुतला. मग गड्यांना जाग आली. त्यांनी हवालदारांना खाली पाडलं, लाथा घातल्या, एकानं ढेकूळ उचलून कपाळावर हाणलं. धाकट्याची बायको बोंब ठोकत होती. मी मोबाइल हातात धरून तशीच उभी होते. माझ्या तोंडातून एक शब्द फुटला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

जीप मीच चालवली. मागं धाकटा, त्याचं डोकं अक्काच्या मांडीवर, शेजारी त्याची बायको. पुढं माझ्या शेजारी हवालदार, कपाळाला टॉवेल दाबून. मारणारा आणि मार खाणारा एकाच गाडीत, आणि कराडपर्यंत कुणी एकमेकांना शिवीसुद्धा दिली नाही. प्रत्येक खड्ड्याला धाकटा गुरासारखा हंबरत होता. मधेच त्याची बायको माझ्या सीटच्या पाठीला धरून म्हणाली, "मॅडम, ती मुळंच हुती नव्हं?"

"मुळंच होती गं."

"मग माझी पोरं कशानं गेली?"

मातीचं विचारलं असतं तर सांगितलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? अक्का पुढं होऊन म्हणाली, "ट्रॅक्टरची कडी पडली वो हातावर." डॉक्टरांनी हवालदारांच्या कपाळाकडं बोट केलं. "आणि यांना?" "त्यास्नीबी तीच." डॉक्टरांनी तिच्या फुटलेल्या ओठाकडं बघितलं आणि तसंच कागदावर लिहून घेतलं. धाकट्याला आत नेलं, त्याची बायको त्याच्याबरोबर गेली. हवालदार चहा आणतो म्हणून बाहेर पडले.

बाकावर मी आणि अक्का दोघीच उरलो. तिच्या लुगड्यावर माती आणि रक्त वाळून एक झालं होतं. मी तिचा हात धरला. मला वाटत होतं की ती आता माझे उपकार मानेल. कसं का असेना, तिच्यावरचं करणीचं बालंट तर गेलं होतं. पण तिनं हात सोडवून घेतला, आणि तेव्हा मला तिचं ते "माझंच चुकलं आसंल" ऐकू आलं. रोज त्या गवतात कापणी करणारी बाई. टेपचं दुसरं टोक धरणारी बाई.

"अक्का!" मी म्हणाले, आणि माझा आवाज काय तो, सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेला असेल. "तुम्हाला माहीत होतं! बांध कोरलाय हे तुम्हाला माहीत होतं!"

"साल झालं," ती म्हणाली.

"मग एवढा मार खाल्लात, एक शब्द बोलला असतात तर सुटला असतात की!"

"त्यो हाणून हाणून किती हाणनार हुता, मॅडम?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "दमला आसता, घरी गेला आसता. धा दिस, पंदरा दिस बोलला नसता. मग यक दिस सांजच्याला भाकरी मागत माझ्या दारात आला आसता. दादाबी तितंच बसला आसता. आता ती दोगं यका दारात कवा यायची?"

तिची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली. मी वळले. हवालदार कागदी पेल्यांतून तीन चहा घेऊन उभे होते.

"तुला म्हाईत हुतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय, दादा."

"सालभर माझी भाकरी खातीस, आन तुला म्हाईत हुतं."

तिनं मान खाली घातली. त्यांनी पेले एकेक करून बाकावर ठेवले, फौजेत शिकवतात तसे ओळीत, एक थेंब न सांडता. "तुजं सामान कुनाकडनं तरी लावून देतो," म्हणाले आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागले. मी त्यांच्यामागं धावत गेले, हात जोडले, माझी चूक आहे म्हटलं, तिची नाही. ते थांबलेच नाहीत.

परत आले तर अक्का तशीच बसलेली. चहावर साय धरली होती. आतून धाकट्याच्या ओरडण्याचा आवाज येत होता, हाड बसवत असावेत. तो ऐकून ती प्रत्येक वेळी बाक घट्ट धरत होती. मग काहीतरी करायचं म्हणून जीपची किल्ली काढली.

"अक्का, चला, उठा. मी सोडते तुम्हाला."

"कुठं?" तिनं विचारलं.